पार्किंगमधून पाहिलेलं इंग्लंड

मंडळाच्या अंकासाठी लिहा म्हणून तिघं जण घरी आले. म्हणाले, परबकाका, तुम्ही अठरा वर्षं इंग्लंडला जात होतात, तिथले राजवाडे, किल्ले, खेडी सगळं पाहून झालंय तुमचं, वाचणाऱ्यांना माहिती मिळेल. मी म्हटलं, लिहितो, पण जे पाहिलं तेच लिहीन. छापल्यावर मला डेअरीवर अडवून जाब विचारायचा नाही. ते हो म्हणाले. मी सातवीपर्यंत शिकलोय, ऱ्हस्व-दीर्घ तुमचं तुम्ही बघा, हेही सांगून टाकलं.

तर पहिली गोष्ट. मी इंग्लंडातला एकही राजवाडा आतून पाहिलेला नाही. किल्ला नाही, चर्च नाही, ते जगप्रसिद्ध उभे दगडसुद्धा नाहीत. मी पाहिली ती पार्किंगं. त्याबद्दल विचाराल तर माझ्याएवढं सांगणारा माणूस दहिसरमध्ये मिळणार नाही. कुठे नळ आहे, कुठे वारा ताट उडवतो, कुठे हंस येऊन पापड पळवतात, कुठला गेटवाला भज्यांवर खूश होतो, सगळं तोंडपाठ.

म्हणजे इतकी वर्षं चाळीत बसून मी जे राजवाडे सांगत आलो, ते खोटे होते. आता बायको नाही. ती असती तर तिने हे लिहू दिलं नसतं.

आधी कामाचं सांगतो, कारण लोकांना वाटतं इंग्लंडला जायचं म्हणजे कोट घालून जायचं. मी टूर कंपनीचा आचारी. आधी मरोळला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये होतो, तो बंद पडला, मग ह्या कामाला लागलो. कंपनी चाळीस माणसं घेऊन जायची. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, पार्ले, सगळी आपलीच. माणूस घर सोडतो, देश सोडतो, पण दुपारी एक वाजला की त्याला वरण-भात लागतो. कंपनीने हे ओळखलं म्हणून मला काम मिळालं. लोक मला महाराज म्हणायचे. मी मालवणकडचा, जन्मभर मासे खाल्लेला माणूस, पण झारा हातात घेतला की महाराज.

पहाटे चारला उठायचं. उतरलो असू त्या हॉटेलच्या मागच्या किचनमध्ये साडेसहापर्यंत जागा मिळायची, त्यानंतर त्यांचा गोरा आचारी अंडी घेऊन यायचा. तेवढ्यात चाळीस माणसांची भाजी, वरण, भात, कोशिंबीर करून हॉटबॉक्समध्ये भरायची. पोळ्या आदल्या दिवशीच्या, फडक्यात गुंडाळलेल्या. मग आमची व्हॅन बसच्या आधी निघायची. मी आणि ड्रायव्हर. ड्रायव्हर मारेक, पोलंडचा, अंगाने दांडगा आणि मनाने गाय. तो माझ्याशी इंग्रजी बोलायचा, मी त्याच्याशी हिंदी, दोघांचं कधी अडलं नाही. पार्किंगमध्ये पोचलो की घडीची टेबलं मांडायची, ताटं लावायची. तिथे शेगडी पेटवायची नाही असा कायदा. सगळं गरमच न्यायचं आणि गरमच वाढायचं. माणसं जेवली की आत जाणार, राजा-राणी बघणार. मी भांडी घासणार. ती बाहेर आली की चहा-चिवडा. मग पुढचं गाव.

पहिल्याच वर्षी एका हॉटेलात मी आमटीला फोडणी दिली. मोहरी तडतडली, हिंग-मिरची पडली, धूर वर गेला आणि असा भोंगा वाजायला लागला की माझ्या हातातलं पळीभर तेल सांडलं. त्यांच्याकडे छताला यंत्र असतं, धूर दिसला की बोंबलतं. पहाटे पाच वाजता अख्खं हॉटेल लॉनवर. गोरे लोक झोपेच्या कपड्यात, आमचे लोक पासपोर्टच्या पिशव्या गळ्यात अडकवून. बंब आला. त्यातला एक उंच माणूस किचनमध्ये शिरला, टोपात डोकावला, वास घेतला आणि मारेकला काहीतरी म्हणाला. मी विचारलं, काय म्हणतो? मारेकने पोटावर हात फिरवून दाखवला. मी त्याला वाटीभर आमटी दिली. तेव्हापासून इंग्लंडात मी फोडणी नेहमी मागच्या दाराबाहेर दिली, उघड्यावर, छोट्या शेगडीवर, पावसात छत्री धरून.

गिऱ्हाइकांचे नमुने पुष्कळ. मुलुंडचे एक गोखले दोनदा आले. बँकेतून रिटायर. पहिल्याच दिवशी बजावलं, महाराज, मला कांदा-लसूण चालत नाही. तिसऱ्या दिवशी भजी केली तर सगळ्यात आधी रांगेत. मी म्हटलं, काका, कांद्याची आहेत. म्हणाले, "महाराज, परदेशात आहोत." बाथ गावाला गरम पाण्याचं जुनं कुंड आहे. तिथून आलेल्या एका बाईंनी मला पाण्याची बाटली दिली, म्हणाल्या, तीर्थ आहे, आमटीत घाला, सगळ्यांच्या पोटात जाईल. मी हो म्हटलं आणि पार्किंगमधल्या झाडाला घातलं. ते झाड पुढच्या वर्षीही होतं.

आम्हा लोकांची ठिकाणांना स्वतःची नावं. स्टोनहेंजला आम्ही 'दगड' म्हणायचो. वारा फार, टेबल दोघांनी धरायचं. बाथ म्हणजे 'कुंड'. आणि खेड्याकडे एका सरदाराचं अवाढव्य घर होतं, त्याचं नाव मला कधी धड म्हणता आलं नाही, ते 'मोरवाला बंगला'. पार्किंगमध्ये मोर फिरायचे. तिथे पीटर नावाचा म्हातारा गेटवाला होता. मी दिसलो की स्वतःची बशी घेऊन यायचा आणि बदल्यात घरच्या बागेतला पुदिना द्यायचा.

आता खोट्याचं.

पहिल्या वर्षी परत आलो तेव्हा चाळीतले सगळे खोलीत जमले. सावंत समोरच राहायचा, त्याने विचारलं, "काय रे, राणीचा राजवाडा कसा होता?" मी खरं सांगितलं. म्हटलं, आत नाही गेलो, काम होतं. सावंत हसला. "म्हणजे इंग्लंडला जाऊन भांडी घासून आलास." सगळे हसले. मीही हसलो असतो. पण माझी बायको शालन चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने नवी साडी नेसली होती त्या दिवशी. तिचा चेहरा बघितला आणि ठरवलं, पुढच्या वर्षी बघतो तुम्हाला.

पुढच्या वर्षीपासून मी वाढताना कान उघडे ठेवले. माणसं जेवताना आत काय पाहिलं तेच बोलतात. पलंग असा होता, झुंबर तसं होतं, ह्या राजाने त्या राणीचं डोकं उडवलं. मी वरण वाढता वाढता राजवाडे पाहिले. पण वाढणारा पुढे सरकतो, त्यामुळे एका टेबलावरचा पलंग आणि दुसऱ्या टेबलावरचा राजा असं व्हायचं. घरी येऊन मी ते सगळं कालवून सांगायचो. दगडांबद्दल सांगितलं की आतून जिना आहे, एकसष्ट पायऱ्या, वर गेलं की समुद्र दिसतो. कुठल्यातरी बाई कुठल्यातरी चर्चच्या मनोऱ्याबद्दल बोलत होत्या, ते मी दगडांना लावलं. मला काय ठाऊक? दगड रस्त्यावरून एकदा दिसले होते, लांबून, काड्यापेटीएवढे. बसगाड्यांच्या पार्किंगमधून ते दिसतच नाहीत, तिथून दुसऱ्या बसने जावं लागतं.

सावंत गप्प झाला. चाळीत मान वाढला. आणि शालन माझ्या गोष्टी पाठ करून नळावर, हळदीकुंकवाला, भाचीच्या लग्नात सांगायला लागली. माझ्यापेक्षा चांगल्या सांगायची. एकसष्ट पायऱ्या म्हणताना डोळे मोठे करायची. मी बाजूला बसून सुपारी कातरायचो.

असं बरीच वर्षं चाललं. मग एका एप्रिलमध्ये कंपनीच्या ऑफिसातून फोन आला. गटात एक सीट शेवटच्या क्षणी रिकामी झाली होती, व्हिसाला वेळ होता. साहेब म्हणाले, महाराज, इतकी वर्षं तुम्ही एक दिवस रजा घेतली नाहीत, वहिनींना आणा, आमच्यातर्फे.

माझी वाट लागली. साहेबांना नाही कसं म्हणणार? आणि घरी सांगितलं तेव्हा शालन इतकी आनंदली की नको म्हणायची सोयच राहिली नाही. आठवडाभर ती बॅग भरत होती आणि मी मनात हिशेब करत होतो, काय काय सांगितलंय, कुठलं कुठे लावलंय. एकदा धीर करून म्हटलं, "शालन, तिथे आता बरंच काय काय बदललंय." ती म्हणाली, "बदलू दे की. दगड थोडेच बदलणार."

तिकडे ती प्रवासी आणि मी आचारी. ती बसमध्ये, मी व्हॅनमध्ये. रात्री तिची खोली घाटकोपरच्या देसाईबाईंबरोबर, त्या रिटायर शिक्षिका. टूर मॅनेजर केतन बोरिवलीचा, चांगला माणूस, त्याने पहिल्याच दिवशी तिला हात जोडून सांगितलं, वहिनी, तुम्ही भांड्यांना हात लावायचा नाही, कंपनीचा नियम आहे. नियम-बियम काही नव्हता.

पहिल्या दुपारी ती रांगेत ताट घेऊन माझ्यासमोर आली. मी तिच्या ताटात भात घातला. वरण घातलं. आणि माझ्या डोक्यात आलं, लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी हिला कधी वाढलंच नाही. जगाला वाढलं. घरी गेलो की पाय पसरून बसायचो, म्हणायचो, सीझनभर केलंय, आता तू कर. तिने करायचं. ती ताटाकडे बघत म्हणाली, "महाराज, लोणचं नाही का?" मागे उभे असलेले गोखले हसले, ते ह्याही गटात होते. मला हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दगड. माणसं जेवली, दुसऱ्या बसने गेली, दीड तासाने परत आली. मी चहाचे कप भरत होतो पण डोळे बसच्या दाराकडे. शालन उतरली. ओठ मिटलेले, पदर घट्ट खोवलेला.

"कसं होतं?" मी विचारलं.

"चांगलं होतं. वारा फार," ती म्हणाली आणि कप घेऊन बाकड्यावर जाऊन बसली.

एवढंच. रागावली असती तर कळलं असतं. रागावली की ती मालवणीत बोलायची. तिसऱ्या दिवशी कुंड. परत तेच, "चांगलं होतं." माझं कामात लक्ष लागेना. त्या दिवशी मी कोशिंबिरीत मीठ दोनदा घातलं, अठरा वर्षांत पहिल्यांदा. गोखल्यांनी दोनदा घेऊन मग तक्रार केली.

चौथा दिवस मोरवाल्या बंगल्याचा. त्या दिवशी संकष्टी होती. गटात अकरा बायकांचा उपास. शालनचाही. आदल्या दिवशी बसमध्ये वाद झाला म्हणे, चंद्रोदय कुठला धरायचा. केतनने फोनवर बघितलं तर इंग्लंडात चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार होता. मुंबईत दहाला, म्हणजे इथल्या घड्याळात दुपारचे साडेपाच. गोखले म्हणाले, जिथे आपण उभे तिथला चंद्र, शास्त्र असंच सांगतं. गोखल्यांना स्वतःला उपास नव्हता. शेवटी शालन म्हणाली, "गणपती दहिसरचा, चंद्रसुद्धा दहिसरचा. साडेपाचला सोडायचा." तेच ठरलं.

मी पहाटे उकडीचे मोदक केले. पिठी मुंबईहून नेलेली असायची, नारळ तिकडेही मिळतो. मोदक घरी नेहमी शालन करायची, मी खायचो. 

दुपारी साबुदाण्याची खिचडी खाऊन बायका आत निघाल्या. शालन नाही गेली. केतनला म्हणाली गुडघे दुखतात, मी इथेच बसते. सगळे गेले. मी नळावर टोप घासत होतो. ती माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"तुम्ही कधी जाता आत?"

"भांडी आहेत ना."

"रोज असतात?"

"रोज."

तिने घासलेली दोन ताटं उचलून पालथी घातली. मग म्हणाली, "एकसष्ट पायऱ्या."

मी घासतच राहिलो. तो टोप आधीच स्वच्छ झाला होता.

"मी त्या माहिती सांगणाऱ्या बाईला विचारायला लावलं केतनला. जिना कुठल्या बाजूला म्हणून. ती बघतच राहिली. नुसते दगड हो, गवतात उभे. दोरी बांधलेली, जवळसुद्धा जाऊ देत नाहीत. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, गंमत केली. देसाईबाई अजून हसतायत."

"शालन..."

"एकदाही नाही गेलात?"

"एकदाही नाही."

"राजवाडा?"

"नाही."

"ते कुंड?"

"कुंडाचं पाणी आलं होतं बाटलीतून."

मला वाटलं आता हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "लोकांका काय व्हया ता सांगा. माका तरी खरा सांगूचा होता."

मालवणीत म्हणाली. म्हणजे लागलं होतं. मी म्हटलं, "तुला सांगितलं असतं तर तू सावंताशी भांडली असतीस."

"भांडलेच असते. भांडी घासतो तो माणूस कमी असतो काय? मी जन्मभर घासतेय."

मी नळ बंद केला. 

तेवढ्यात केतन बाहेर आला. त्याला काय दिसलं कोण जाणे. म्हणाला, "महाराज, दोन तिकिटं आहेत माझ्याकडे, दोघं जण आलेच नाहीत. तुम्ही आणि वहिनी जाऊन या. भांड्यांचं मी बघतो, मी आणि मारेक." मारेकने बाह्या वर केल्या. मी हात पुसले. खरंच पुसले. बूट बघितले, ते ओले होते. म्हटलं, चल.

ती म्हणाली, "नको."

"का गं?"

"आतलं सगळं तुम्ही सांगून झालंय. बाहेरचं राहिलंय. ते दाखवा."

"पार्किंग आहे. पार्किंगमध्ये काय दाखवू?"

"इतकी वर्षं दर उन्हाळ्यात घर सोडून इथेच आलात ना? मग बघू तरी काय आहे."

मी दाखवलं. नळ दाखवला, म्हटलं, एप्रिलमध्ये ह्याचं पाणी हाडापर्यंत जातं. तिने पाण्याखाली हात धरून बघितला आणि पटकन काढला. कचऱ्याच्या डब्यांमागे मोर झोपतो ती जागा दाखवली. पीटरची ओळख करून दिली. त्याने टोपी काढली, तिने नमस्कार केला, आणि मग दोघं आपापल्या भाषेत पुदिन्याबद्दल बराच वेळ बोलले. कुंपणापलीकडे मेंढ्या होत्या. त्यांच्या पाठीवर निळ्या रंगाचे ठिपके असतात, कुणाची कुठली ते कळायला. ती म्हणाली, "हे कधी सांगितलं नाहीत." मी म्हटलं, मेंढ्या कोण ऐकणार? म्हणाली, "मी ऐकल्या असत्या."

कडेला एक लाकडी बाकडं होतं, पाठीवर पितळेची पट्टी. त्यावर काय लिहिलंय ते मारेकने मला पूर्वी खुणांनी समजावलं होतं. कुणाची तरी बायको वारली, तिला ही जागा आवडायची, म्हणून नवऱ्याने बाकडं बसवलं. मी तिला सांगितलं. ती बसली, पाय लांब केले आणि म्हणाली, "बरं केलं. गुडघे दुखणाऱ्याला उपयोग होतो." मी तिच्याशेजारी बसलो. सीझन चालू असताना दुपारी तीन वाजता मी बसलो, हे पहिल्यांदाच.  मारेक आमच्याकडे बघून मुद्दाम टोप वाजवत होता.

सव्वापाचला गट बाहेर आला. मग खरी धांदल. डोक्यावर लखलखीत ऊन, आणि अकरा बायका चंद्राला अर्घ्य द्यायला पळी-पाणी घेऊन तयार. चंद्र मुंबईचा, म्हणजे मुंबईकडे तोंड करायला हवं. मुंबई कुठे? मारेकने फोनमध्ये बघून हात केला. बरोबर संडासांच्या दिशेला. एकदम कालवा. देसाईबाई म्हणाल्या, मी तिकडे तोंड करून अर्घ्य देणार नाही. गोखले म्हणाले, पृथ्वी गोल आहे, उलट्या दिशेनेही मुंबई येतेच. शेवटी सगळ्या जणी रांगेने संडासांच्या पलीकडे गेल्या, मेंढ्यांच्या कुंपणाला लागून उभ्या राहिल्या आणि तिथून मुंबईला पाणी सोडलं. पीटर टोपी हातात धरून मागे उभा होता. त्याला वाटलं असणार, कोणीतरी गेलं.

मी मोदक वाढले. शालनने एक उचलला, वर तूप घालून खाल्ला, सगळा खाल्ला. मी समोर उभा.

"पारी जाड आहे," ती म्हणाली. आणि दुसरा घेतला.

तेव्हा मला कळलं, सुटलो.

गटाबरोबर ती मुंबईला परत गेली. मी पुढच्या गटांसाठी जूनअखेरपर्यंत तिकडेच. मनात एकच, आता चाळीत ती काय सांगणार? खरं सांगितलं असेल तर सावंत जिन्यातच धरणार. मी परत आलो. सावंत भेटला, "आलास? बरा आहेस ना?" म्हणाला आणि गेला. रात्री खोलीत कोणी जमलं नाही. राजवाड्याचं कोणी विचारलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. मी शालनला विचारलं, "काय सांगितलंस तू ह्यांना?" ती भाजी निवडत होती. म्हणाली, "सांगायचं ते सांगितलं." मी परत विचारलं नाही. मला वाटलं, खरं सांगितलं असेल आणि दम दिला असेल, की माझ्या नवऱ्याला कोणी चिडवायचं नाही. तिला ते शोभलं असतं.

मग करोना आला, टूर बंद झाल्या, माझंही वय झालं. चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही सगळे त्याच लोकांत वरच्या मजल्यांवर गेलो. गेल्या श्रावणात शालन गेली. सकाळी देवाला फुलं वाहिली, म्हणाली छातीत कसंतरी होतंय, आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही. एवढंच की चाळीस माणसांचा भात मी डोळे मिटून करतो, एका माणसाचा मला अजून जमत नाही. रोज उरतो.

बाराव्याच्या आधी शेजारपाजारच्या बायका येऊन बसायच्या. सावंतही आता नाही, पण सावंतवहिनी रोज यायच्या, डब्यातून काहीतरी आणायच्या. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "भाऊ, एक बरं झालं. तुम्ही तिला इंग्लंड दाखवलंत. आमच्या ह्यांनी मला महाबळेश्वरसुद्धा दाखवलं नाही."

मी म्हटलं, "तिने पाहिलं तिचं तिचं. मी कामात होतो."

"असं काय म्हणता? आम्हाला सगळं सांगितलंय तिने. दगडांपाशी तिला थंडी वाजली तर तुम्ही स्वतःचा स्वेटर काढून दिलात. कुंडाच्या पायऱ्या ओल्या होत्या तर हात धरलात, भर गर्दीत, देसाईबाईंच्या देखत. राजवाड्यात सगळे पुढे पळत होते आणि तुम्ही तिच्यासाठी हळूहळू चालत होतात. प्रत्येक वेळी नवीन काहीतरी सांगायची. आमचे हे म्हणायचे, परबाला आपण उगाच हसलो."

 प्रत्येक ठिकाणी तिने मला बरोबर नेलं होतं. तिकिटाशिवाय.

"आणि तो मोरांचा बंगला," वहिनी म्हणाल्या. "ते तर ती रंगवून सांगायची. आतमध्ये मोठं जेवणघर, इथून तिथपर्यंत टेबल, चांदीची ताटं मांडलेली आणि जेवायला कोणीच नाही. तुम्ही तिथे थांबलात आणि मोठ्याने म्हणालात, शालन, एवढी ताटं मांडून माणसांना उपाशी ठेवलंय."

त्या घरात आम्ही दोघांनीही पाऊल टाकलं नव्हतं. ते वाक्य मी बोललो नव्हतो. पण आत गेलो असतो तर दुसरं काही बोललो नसतो. माझ्या तोंडात काय येणार ते तिला माझ्या आधी कळायचं.

सावंतवहिनी माझ्याकडे बघत होत्या. "खरंच का हो, एवढं मोठं टेबल होतं?"

"होतं की," मी म्हटलं. "आणि खुर्च्या फार जड. एकट्याला सरकत नव्हत्या."